न घातलेली परखी

“माह्या भावाच्या पोत्यात परखी कायले घातली तुमी? तेवढं सांगा मले, कायले घातली?”

शामकलाचा हा आवाज साऱ्या गल्लीनं ऐकला. त्या गल्लीतल्या भिंती मातीच्या. इकडं कोणी खोकलं तर तिकडं कोणीतरी अद्रक ठेचायला घेते. नीतू तेव्हा पाळण्यात होती. शामकलाच्या एका हातात पाळण्याची दोरी आणि दुसरा हात नवऱ्याच्या नाकापुढं. शेजारच्या रुख्मानं चुलीवरची वांग्याची भाजी खाली उतरवून ठेवली. भाजी रटरट शिजत असली की पलीकडचं नीट ऐकू येत नाही.

“धान ओलं होतं,” दुलीचंद म्हणाला.

“ओलं असन नाईतर सुकं असन! मिलवर दुसऱ्यायची पोती नव्हती का? सख्खा भाऊ होय माह्या. चार लोकायसमोर त्याचं पोतं भोसकलं.”

“भोसकलं नाई व. परखी घातली.”

“मले दोन्ही एकच!”

परखी म्हणजे लोखंडाची टोकदार नळी, एका अंगानं उघडी. पोत्यात खुपसायची, थोडी फिरवायची आणि बाहेर ओढायची. पोटातलं धान नळीत बसून बाहेर येते. तोंडाशी सुकं धान भरून खाली ओलं दडवलं असलं तर तिथंच कळते. दुलीचंद तेव्हा गावाहून जाऊन-येऊन गोंदियाच्या एका राईस मिलवर परखी घालायच्या कामाला होता. फाटकाशी उभं राहायचं, आलेल्या पोत्यात परखी घालायची, तळहातावर धान घेऊन दाताखाली दाणा फोडायचा आणि शेठकडं पाहून मान हलवायची. उभी किंवा आडवी. एवढंच काम, पण त्या मानेकडं पाहून शेतकऱ्याचा चेहरा फुलायचा नाहीतर पडायचा.

मिलवर एक रीत होती. कोणी सांगितलेली नाही, कोणी लिहिलेली नाही. परखीवाल्याच्या सोयऱ्याचं पोतं आलं की परखी खुंटीवर राहते. परखीवाला पोत्यावर नुसता हात ठेवतो, दोनदा थोपटतो आणि म्हणतो, “चालू द्या.” जावई जेवायला बसला की त्याच्या पोळ्या कोणी मोजते का, तसंच हे. माल बरा नसला तर नंतर घरी कानात सांगायचं, पण पोतं फोडायचं नाही.

दुलीचंदनं फोडलं. तरुण होता, आणि त्या वर्षी अवकाळीनं साऱ्यांचंच धान भिजलं होतं. दुसऱ्यांची पोती परत पाठवायची आणि साल्याचं थोपटायचं, हे त्याच्या हाताला जमलं नाही. खालच्या थरातून परखी ओढली तर धानाला मोड आलेले. शेठ म्हणाला, “वापस ले जाओ, भैया.” योगराजनं, म्हणजे शामकलाच्या भावानं, ट्रॅक्टर फिरवला.

तो फिरला तो फिरलाच. दुलीचंदच्या दारी त्याचं पाऊल पुन्हा लागलं नाही. राखीला शामकला एकटी जायची, राखी बांधून पाणी पिऊन परत यायची. तिथं तिला कोणी जेवून जा म्हणायचं नाही. पुढं नीतूचं लग्न झालं, तेव्हा मामाच्या जागी मामा नव्हता. मांडवात सारे फाटकाकडं पाहून राहिले. शेवटी रुख्माचा नवरा धोतर नीट करत पुढं झाला आणि मामा म्हणून उभा राहिला. शामकला त्या दिवशी रडली नाही, भांडलीही नाही. पोरीच्या कपाळावरची मुंडावळी सारखी करत नवऱ्याला एवढंच म्हणाली, “पाहून घ्या.”

दुलीचंदनं पाहून घेतलं. ते त्याच्या आत कुठंतरी जाऊन बसलं.

आता गावात मात्र या गोष्टीचा उलटाच बोभाटा झाला होता. वर्षं गेली तसं साल्याचं दुःख लोक विसरले आणि परखी तेवढी लक्षात राहिली. “दुलीचंद ना? त्यानं साल्याच्या पोत्यात परखी घातली बाप्पा!” असं लोक पाहुण्यांना सांगायचे, जसं गावातलं एखादं जुनं झाड दाखवावं. त्यावर दुलीचंद कसनुसं हसायचा. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण घातली तर होतीच.

मिलवर ओल पाहायची मशीन आली आणि दुलीचंदच्या दातांचं काम संपलं. गोंदियाला जाणंयेणं सुटलं आणि तो गोरेगावकडच्या आपल्या गावातच राहिला. जवळच नदीवर पाण्याची योजना झाली होती. नदीचं पाणी ओढायचं, गाळायचं, औषध टाकायचं आणि आजूबाजूच्या गावांना नळानं पाठवायचं. लोक त्या जागेला नुसतं फिल्टर म्हणतात. तिथल्या गोदामावर दुलीचंद लागला. तुरटीच्या लाद्या, ब्लिचिंग पावडरची पोती, पाइप, वॉशर, सारं त्याच्या ताब्यात. आलेला माल पाहून घ्यायचा आणि मगच आत लावू द्यायचा, हे त्याचं काम.

हात जुनाच होता. ब्लिचिंग पावडर लोखंड खाऊन टाकते, म्हणून त्यानं बांबूची परखी केली. एका बाजूनं कापलेली, टोकाला विस्तवावर भाजून टणक केलेली. पोत्याच्या पोटातून पावडर काढायची आणि नाकाजवळ न्यायची. चांगली पावडर असली की डोळ्यांना धार लागते, घसा धरते. दुलीचंदच्या डोळ्यांतून पाणी आलं की माल आत. फिल्टरवरची पोरं म्हणत, “काकाजी रडले. उतरवा पोती.”

माल द्यायचा तो गोंदियाचा मुन्नालाल. जाडा माणूस, बोलणं सारं हिंदी, मालासोबत स्वतः यायचा. “दुलीचंदभाऊ, पहले परखी, बाद में चाय,” म्हणत सावलीत बसायचा. एकदा ओल लागलेली पोती निघाली तर त्यानं कपाळावर हात मारला, ज्या गाडीनं आणली त्याच गाडीत परत चढवली आणि वर दुलीचंदलाच म्हणाला, “अच्छा किया. मेरा नाम बचाया.” दोघं मग पाटावर बसून चहा प्यायले. दोघांत नातं काहीच नव्हतं, म्हणून सारं सुरळीत चाललं होतं.

मग नवीन साहेब आले. तरुण, नागपूरकडचे, उन्हात लाल व्हायचे. त्यांना खरेदीत घोळ नको होता, आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. माल देणाऱ्या साऱ्यांना त्यांनी फिल्टरवर बोलावलं, टाकीवर चढवलं आणि खालची गावं दाखवली. म्हणाले, “तुमचं पोतं इथं रिकामं होतं आणि त्या घरांत जातं. तुम्ही दुकानदार आणि आम्ही गिऱ्हाईक, एवढ्यावर हे चालणार नाही. तुम्हीही या कामातलेच.” मुन्नालालनं मान डोलावली. टाकीवरून उतरताना त्याला धाप लागली, ती गोष्ट वेगळी.

त्या वर्षी निविदा उघडल्या तेव्हा मुन्नालालपेक्षा कमी दर एकाचा निघाला. तो घनश्याम. गोंदियातच त्याचं दुकान, आणि त्याच्याच घरी नीतू दिलेली. म्हणजे दुलीचंदचा व्याही. आमच्याकडं इवाई म्हणतात.

साहेबांनी दुलीचंदला बोलावून घेतलं. खुर्ची दिली. “हे तुमच्या नात्यातले असं कळलं. दर कमी आहे, कागद बरोबर आहेत, मी नाही म्हणू शकत नाही. पण माल तपासायचं काम दुसऱ्याकडं देतो. तुम्हाला अवघड नको.”

दुलीचंद बोलायच्या आधी दारात उभा असलेला कैलाश हसला. कैलाश पाण्यात औषध मिसळायच्या कामावर होता, जिभेला हाड नसलेला. म्हणाला, “साहेब, यायनं साल्याच्या पोत्यात परखी घातली होती. इवायाले काय सोडतेत हे?”

सारे हसले. साहेबांनी ती गोष्ट खोदून खोदून विचारली आणि तेही हसले, आणि दुलीचंदकडं अशा नजरेनं पाहू लागले की त्याला खाली पाहावं लागलं.

तेव्हा तो हो म्हणाला असता, दुसऱ्याला द्या म्हणाला असता, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्याच्या मनात आलं, दुसरा कोणी इवायाचं पोतं फोडेल, ते गोंदियाला कळेल, आणि लोक म्हणतील दुलीचंदनंच फोडवलं. नीतू त्या घरात नवीन. लग्नाला मामा नव्हता, हे अजून तिथल्या बायका बोलून दाखवतात.

“राहू द्या साहेब,” तो म्हणाला. “मीच पाहतो.”

घनश्याम पहिल्या गाडीसोबत स्वतः आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात स्टीलचा डबा. “नीतूनं पाठवलं. म्हणे, बाबाले माह्या हातचे अनारसे आवडतेत.”

दुलीचंदनं डबा घेतला आणि सवयीनं दुसरा हात खुंटीकडं गेला. बांबूची परखी खाली आली. हमाल पोतं पाठीवर घेऊन उभे होते. घनश्यामनं परखीकडं पाहिलं, हमालांकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, “हे काय होय, इवाई? बासरी वाजवता का इथं बसून?”

हमाल खिदळले. घनश्यामही हसला, पण त्याचे डोळे परखीवरून हलले नाहीत.

डबा अजून कोमट होता. दुलीचंदनं परखी परत खुंटीला लावली. पोत्याजवळ गेला, त्यावर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं.

“चालू द्या,” म्हणाला.

त्या दिवशी घरी त्यानं अनारसे शामकलाला दिले. शामकला म्हणाली, “इवायाची खातीरदारी बरोबर केली ना?” दुलीचंद म्हणाला, “केली.” ती खूश झाली, आणि किती वर्षांनी तिनं त्याच्या ताटात न मागता तूप वाढलं.

पुढचे महिने असेच गेले. गाडी यायची, तो थोपटायचा. समोरच्या रांगेतली पोती बरी होती; ती वापरली तेव्हा वास यायचा, डोळे झोंबायचे. मग पावसाळ्यात धानाचे रोवणे लागले, नदी गढूळ झाली, औषध जास्त लागू लागलं आणि कैलाश मागच्या रांगेतली पोती काढायला लागला. एक दिवस गोदामाच्या दारात येऊन म्हणाला, “काकाजी, या पोत्याले वासच नाई जी.”

“पावसाची हवा होय. वास दबते.”

“मुन्नालालच्या मालाचा तर पावसातही यायचा.”

“दोन घमेले जास्त टाक.”

कैलाशनं जास्त टाकली. पाणी तपासायच्या थेंबांची बाटली संपली होती. नवीन मागवली होती, येते येते म्हणत होते. दुलीचंद खुंटीकडं पाहायचा. परखीवर जाळं धरलं होतं. उठावं, एकदा घालून पाहावी, असं त्याला कितीदा तरी वाटलं. पण घालून पाहिली आणि काही निघालं तर? मग त्याला ते माहीत होईल, आणि माहीत झालेलं पोटात ठेवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. म्हणून तो जागेवरून उठला नाही.

कावीळ आधी गावाबाहेरच्या टोलीवर, तिथल्या वस्तीत लागली, मग गल्लीत आली. लोकांनी गळ्यात काविळीच्या माळा बांधल्या, उसाचा रस शोधला, शेतात काही वावगं खाल्लं असेल म्हणाले. पाण्याचं नाव कोणी घेतलं नाही. फिल्टरचं पाणी होतं, दुलीचंदच्या हाताखालचं.

रुख्माची सून आचल सातव्या महिन्यात होती. बोलघेवडी पोरगी, अंगणातूनच शामकलाला हाका मारायची, “काकी, आंबट काई हाय का?” एका सकाळी तिचे डोळे हळदीसारखे दिसले. कावीळ दोन जिवांच्या बाईला लागली तर डॉक्टरही घाबरतात, हे गल्लीत कोणाला माहीत नव्हतं. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. नेताना ती गाडीत बसून हात हलवत होती. परत आणली ती चादरीत. पोटातलं बाळही तिच्यासोबत गेलं.

त्या दिवशी पलीकडून काही ऐकू यावं म्हणून दुलीचंद भिंतीशी बसून राहिला. रडणं आलं असतं तर बरं झालं असतं. पलीकडं चूलही पेटली नव्हती.

दहन झालं आणि तो घरी न जाता फिल्टरवर गेला. अंगावर स्मशानातली राख तशीच. खुंटीवरची परखी काढली, जाळं पुसलं. मागच्या रांगेत जाऊन पोत्यात घातली, ओढली, नाकाजवळ नेली. डोळ्यांना काही झालं नाही. दुसऱ्यात घातली. तिसऱ्यात. पोळ्याच्या आधी घराच्या भिंती पोतायला आणतो त्या चुन्याचा वास, साधा, थंड. तो एकामागून एक पोती भोसकत गेला. हो, भोसकतच होता. सारं गोदाम पांढरं झालं आणि त्याच्या डोळ्यांतून शेवटी पाणी आलं, पण ते पावडरीचं नव्हतं.

आचलचं कळल्यावर साहेब दुसऱ्या दिवशी औषधाचे नमुने घ्यायला येणार होते. ते घनश्यामला कसं कळलं कोण जाणे. दुपारीच छोटी गाडी गोदामाच्या दाराशी लागली, आणि गाडीत नवीन पोती. घनश्याम उतरला. आज गंध नव्हतं.

“इवाई, माल बदलून देतो. हे चांगलं होय, पाह्यजे तर तुमची बासरी घाला. जुनं मी उचलून नेतो. साहेब उद्या येतीन, पाहतीन, जातीन.”

“त्यात चुना होता.”

“मी मिसळला का? मले ज्यानं दिला त्यानं मिसळला असन. दर पाडून घेतला, मग मीही जिथं स्वस्त भेटला तिथून घेतला. पोतं फोडून मी नाई पाह्यलं. मले वाटलं, तुमी पाह्यान. साऱ्या मुलखाले माहीत हाय तुमी कसे पाहता ते.”

दुलीचंदलाही वाटलं होतं, इवाई पाहील. आपल्या पोरीच्या बापाकडं कोणी वाईट माल पाठवते का? दोघांनीही एकमेकांचा मान ठेवला होता, आणि त्या मानाच्या मधून चुना वाहत गावात गेला होता.

“पोरगी गेली, घनश्यामभाऊ. माह्या भिंतीपलीकडची.”

“ऐकलं. वाईट झालं.” घनश्यामनं खरंच मान खाली घातली. मग खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि दुलीचंदपुढं धरला. “तुमच्या पोरीशी बोला. मंग ठरवा.”

फोनवर नीतू होती. तिच्या मागं भांडी, कोणाचं तरी कुजबुजणं.

“बाबा?”

“हो व बाई.”

“बाबा, सारे माह्याकडं पाहून राहिले इथं. सासूबाई म्हणून राहिल्या, तुह्या बाप आमचं घर बुडवते म्हणे. तुमी काय करून राहिले बाबा?”

दुलीचंदनं डोळे मिटले. मांडव दिसला, फाटकाकडं पाहणारे लोक दिसले.

“जेवली का तू?” त्यानं विचारलं.

“बाबा, मी काय विचारून राहिली...”

“जेवून घे बाई. उपाशी राहू नको.”

त्यानं फोन घनश्यामच्या हातात दिला. गोदामाचं दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि कैलाशला हाक मारली. “साहेबाले फोन लाव. म्हण, आताच या. उद्या नको.” मग तो दाराला पाठ लावून पायरीवर बसला. घनश्याम बराच वेळ उभा राहिला. आधी समजावलं, मग शिव्या दिल्या, मग नुसताच उभा राहिला. शेवटी गाडी फिरवताना म्हणाला, “साल्याचं पोतं फोडलं तवा साला गेला. आता पोरगी जाईन.”

साहेब उन्हं कलताना आले. पोत्यांची भोकं पाहिली, पांढरी जमीन पाहिली. विचारलं, “तुम्ही माल घेताना पाहिलं नव्हतं?”

“नाई साहेब.”

“एकदाही नाही?”

“नाई. थोपटला नुसता.”

“पण का? तुम्ही तर साल्याच्याही पोत्यात परखी घातली होती!”

“म्हणूनच नाई घातली, साहेब.”

साहेबांना ते लगेच कळलं नाही. मग कळलं असावं, कारण ते पायरीवर त्याच्या शेजारी बसले, पँटला चुना लागला तरी. म्हणाले, “मी तपासणी दुसऱ्याकडं द्यायला हवी होती. तुमची गोष्ट ऐकून हसत बसलो.” तो माणूस वाईट नव्हता. पण आचलला त्याचा काही उपयोग नव्हता.

चौकशी झाली. घनश्यामचा माल कायमचा बंद, वर पोलिसात तक्रार. दुलीचंदचं काम गेलं. जायलाच पाहिजे होतं, तो स्वतःच म्हणाला. मुन्नालालचा माल परत सुरू झाला. साहेबांनी नवीन रीत घातली: गाडी आली की गावातल्या दोन बायका समोर पाहिजेत, पोतं त्यांच्यापुढं उघडायचं, आणि ज्याचं नातं असेल त्यानं त्या दिवशी फिल्टरवर यायचंच नाही. चांगली रीत. थोडी आधी आली असती तर.

निकाल लागला त्या संध्याकाळी दुलीचंद रुख्माच्या दारात जाऊन उभा राहिला. आत या असं कोणी म्हटलं नाही. रुख्मा उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती.

“वयनी, माह्या हातानं झालं ते.”

रुख्मानं सूप हलवलं. खडे एका कडेला आणले. मग बोलली.

“तुमचं ते भांडण मी ऐकलं होतं, भाऊजी. शामकला चिडली होती तवाचं. भाजी उतरवून ऐकलं होतं. मले तुमचीच बाजू बरोबर वाटली होती.” तिनं खडा उचलून अंगणात टाकला. “इतके वर्षं तशीच धरून बसली मी.”

त्यानंतर ती त्याच्याशी कधी बोलली नाही.

नीतूला माहेरी पाठवणं बंद झालं. घरात ठेवली, ही घनश्यामची मेहेरबानीच म्हणायची. फोन सणावाराला यायचा, तोही शामकलाला, दोन शब्दांचा. शामकला नवऱ्याशी भांडलीही नाही. एकदाच म्हणाली, ताट पुढं सारताना: “तवा घातली तं मी ओरडली. आता नाई घातली तं कोणाले ओरडू?” आणि पाणी आणायला उठली.

दुलीचंदला दिवस खायला उठू लागला. मग त्यानं एक काम स्वतःच धरलं. कैलाशकडून थेंबांची बाटली आणि काचेची नळी मागून घेतली. सकाळी नळाचं पाणी आलं की तो गल्लीच्या शेवटच्या नळाशी जायचा. योजनेचा त्या बाजूचा शेवटचा नळ रुख्माच्या अंगणात. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं. औषध बरोबर असलं की पाणी पिवळं होते.

पहिल्या दिवशी त्यानं ती पिवळी नळी उंच धरली तेव्हा रुख्मा दचकून मागं सरली होती. आचलच्या डोळ्यांचा रंग. दुलीचंदच्या ते उशिरा ध्यानात आलं. “हे चांगलं पिवळं होय, वयनी,” तो कसाबसा म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधी तिनं पाण्याचा गुंड भरून ठेवला नव्हता. नळाच्या बाजूला रिकामा ठेवून ती भिंतीशी उभी होती. रोज तसंच. तो नळी दाखवायचा, ती पाहायची, मगच गुंड नळाखाली सरकवायची. माफी त्यात नव्हती, आणि दुलीचंदनं ती गृहीतही धरली नाही. ती थांबते, एवढंच त्याला पुरायचं.

यंदा धान कापणीला आलं तेव्हा तो गेला. दुपारी खाटेवर टेकला आणि उठला नाही. मयतीला नीतू आली, तोंडाला पदर लावून. तिच्या सासरचं दुसरं कोणी आलं नाही. योगराज आला. म्हातारा झाला होता, काठी टेकत. फाटकाशी क्षणभर थबकला, मग आत आला आणि तिरडीला खांदा दिला. शामकलाकडं पाहून म्हणाला, “धान ओलं होतं व बाई. मले माहीत होतं.”

पण हे सारं दुपारनंतरचं. त्या दिवशी सकाळचं असं झालं.

दुलीचंदच्या छातीत पहाटेपासून कळ येत होती. शामकला म्हणाली, “आज नका जाऊ. एक दिवस नाई पाह्यलं तं काय होते?”

दुलीचंदनं तिच्याकडं पाहिलं. तिनंच बाटली त्याच्या हातात दिली.

भिंतीला हात लावत लावत तो गल्लीनं गेला. रुख्मा उभी होती, गुंड रिकामा होता. नळाला हवा आली, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. त्यानं थोडं वाहू दिलं. नळीत घेतलं. पहिला थेंब बाहेर सांडला, पुन्हा टाकला. नळी हलवली आणि उजेडाकडं धरली.

पिवळं झालं.

रुख्मानं पाहिलं आणि गुंड नळाखाली सरकवला. दुलीचंदनं नळी धुतली, बंडीच्या खिशात ठेवली आणि घराकडं वळला.